शिंगाड्याच्या पानांपलीकडची लाट

१४ सप्टेंबर १९८६, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटे. कुरखेड्याजवळच्या मामांच्या गावी, तलावाच्या पाळीलगत कमरेएवढ्या पाण्यात, खुणा केलेली बांबूची काठी धरून मी उभी होते. आठ दिवसांनी सागरविज्ञानाच्या प्रवेशाची मुलाखत होती. स्वतः केलेले एक निरीक्षण सोबत आणावे, अशी अट होती. समुद्र मी पाहिलेला नव्हता. ऊर्जानगरच्या, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या आमच्या क्वार्टरमधून तो दिसण्याची सोयही नव्हती.

वारा पाण्यावर आधी बारीक सुरकुत्या उठवतो. त्यांच्या पाठीला रेटा द्यायला मग त्याला जागा मिळते; लाट वाढते, आणि वाढलेली लाट वाऱ्याचा आणखी जोर घेते. वारा तोच असेल, तर लाटेची उंची ठरते ती मोकळ्या पाण्यावरून तो किती अंतर आला यावर. अंतर चौपट, तर उंची साधारण दुप्पट. वाऱ्याकडच्या काठापासून शंभर मीटरवर लाट तीन सेंटीमीटर भरली होती. चारशे मीटरवर, या पाळीपाशी, सहा यायला हवी होती.

आली एक.

"काऊन वं, समुद्र सोडून आमच्या तलावाले तरास देऊन राह्यली?" पाळीवर बसलेले मामा म्हणाले. "सहा लिहून टाक ना. कोन येते इथी पाहाले?"

"अन् विचारलं त?"

"त सांग, बाकीची पाच मामानं खाल्ली. शिंगाड्यासंगं."

हसता हसता मी खाली पाहिले. पाळीलगतचा शंभर मीटरचा पट्टा शिंगाड्याच्या पानांनी झाकलेला होता. लहानपणापासून पाहत आलेल्या त्या पानांना मी पाणीच धरले होते. तिथे सुरकुती उठत नव्हती, आणि आलेली लाट पाने हलवण्यातच संपत होती. वाऱ्याला मोकळे मिळाले होते ते तीनशे मीटरच. म्हणजे पानांच्या पलीकडच्या कडेला लाट पाचच्या आसपास हवी.

मामांनी कुरकुरत डोंगा काढला. कडेला काठी गाळात रोवली. पाच भरले.

"झालं! आता पाच लिही अन् चाल घरी."

नुसते पाच लिहिले असते, तरी ते खोटे नव्हते. पण मग पाने कुठे गेली असती? समुद्र न पाहिलेल्या मुलीजवळ दाखवण्यासारखे तेवढेच तर होते. परत येऊन मी काठी पहिल्याच जागी रोवली. वारा तसाच होता. वहीत पाचाच्या खाली लिहिले:

पाळीपाशी, दुसऱ्यांदा: एक सेंटीमीटर.