बर्वेबाईंची हजेरी

बर्वेबाई रोज सकाळी साडेसातला पिंजऱ्याची हजेरी घ्यायच्या. गॅलरीत स्टूल, नाकाच्या टोकावर चष्मा, मांडीवर जुनी हजेरीवही. "कुलकर्णी. शिंदे. पानसरे. ओक, खाली उतरा, तुमची पाळी नाही." पिंजऱ्यात सहा बजरीगर होते, ज्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात, आणि सगळ्यांना आडनावं होती. पहिल्या दिवशी मी दाराबाहेरून हे ऐकलं आणि मला वाटलं, आत पाहुणे आहेत. ते जाईपर्यंत मी जिन्यात उभी राहिले. अर्ध्या तासाने बाईंनीच दार उघडलं. "पोळ्यांना आलात, की जिना राखायला?"

बाई मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. निवृत्त झाल्यावर सदाशिव पेठेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मी हडपसरहून बसने जाऊन त्यांच्याकडे पोळीभाजी करायचे. पहिल्या आठ महिन्यांत मी त्यांच्याशी जे बोलले ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. एकदा तेल संपलं, तर तेही मला सांगवेना. तीन दिवस कोरड्या पोळ्या केल्या. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "सुमनबाई, पथ्य कोणाचं चाललंय, माझं की तुमचं?"

माझं तोंड उघडलं ते पाखरांमुळे. माझी लेक हिंजवडीला नोकरीला लागली आणि तिकडेच मैत्रिणींबरोबर राहायला गेली. जाताना तिने तिचा पिंजरा माझ्या हवाली केला. त्यात तसलेच दोन पक्षी, निळा राजा आणि हिरवी राणी. दुकानदाराने जोडी म्हणून दिलेली, सोबत अंडी घालायला एक मडकं. लेक रोज फोनवर माझ्याआधी राणीची चौकशी करायची.

आणि राजा राणीला मारायचा. वाटीजवळ येऊ द्यायचा नाही, मडक्याच्या आसपास दिसली तर पाय धरून ओढायचा. राणीची मान मागून उघडी पडली, पायातून रक्त आलं. मी पिंजऱ्यापुढे उभी राहून राजाला मेल्या, मुडद्या म्हणायचे. माणसांपुढे मला शब्द सुचत नाहीत, पाखरापुढे भरपूर सुचतात. शेवटी मी राणीला वाचवलं, म्हणजे बाहेर काढून तांदूळ धुवायच्या रोवळीखाली ठेवलं आणि वर वरवंटा ठेवला. तिसऱ्या दिवशी ती दाणा टिपेनाशी झाली. फोनवर मी लेकीला म्हणाले, "मजेत आहे." फोन ठेवला आणि रोवळी उचलून बघितली. राणी जागची हललीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता, भिंतीकडे बघत मी विचारलं, "बाई, एक पाखरू दुसऱ्याला मारत असेल तर काय करायचं?"

बाईंनी वही मिटली. "आठ महिन्यांनी बोललात. म्हणजे प्रकरण गंभीर आहे. उद्या दोघांना घेऊन या."

राणीला पुन्हा पिंजऱ्यात घालून, वर जुनी साडी गुंडाळून मी बसमध्ये चढले. कंडक्टरने विचारलं, आत काय आहे. मी घाबरून म्हणाले, "भाजी." त्याच क्षणी राजाने शीळ घातली. कंडक्टर म्हणाला, "ताजी दिसतेय," आणि पुढे गेला. माझ्या शेजारची बाई स्वारगेटपर्यंत हसत होती.

बर्वेबाईंनी तासभर पिंजऱ्याला हात लावला नाही. नुसत्या बघत बसल्या. "आधी बघायचं. नुसती तक्रार ऐकून निकाल दिला, की भलतीच मुलगी घरी पाठवली जाते." मग चष्मा पुसून म्हणाल्या, "चोचीवरचं नाक बघितलंत? नराचं निळं असतं. इथे दोघींचं तपकिरी आहे. राजा वगैरे कोणी नाही. दोघी बायका, मध्ये एकच मडकं आणि एकच वाटी. भांडतील नाही तर काय फुगडी घालतील?"

सहा महिने मी एका बाईला मुडद्या म्हणत होते.

"आणि ही हिरवी इतकी मलूल का? कुठे ठेवली होती?"

"रोवळीखाली. मार बसू नये म्हणून." जरा अभिमानानेच म्हणाले.

"म्हणजे मार हिने खायचा आणि कोंडूनही हिलाच घालायचं. ती निळी मात्र झोक्यावर." बाई आवाज कधी चढवायच्या नाहीत. "नवीन रेक्टर हीच चूक करते. रडणाऱ्या मुलीची खोली बदलते. मारणारी जागेवरच राहते आणि समजते, खोली आपलीच. हलवायचं ते मारणारीला."

बाईंनी निळीला आतल्या खोलीत छोट्या पिंजऱ्यात ठेवलं. पाखरांच्या डॉक्टरांकडून हिरवीच्या पायाला औषध आणलं. मडकं काढून टाकलं. राळ्यांच्या दोन वाट्या केल्या आणि दोन टोकांना टांगल्या, म्हणजे एकीला दोन्ही राखता येऊ नयेत. मग झोका, दांड्या, चोच घासायचा समुद्रफेसाचा तुकडा, सगळ्याच्या जागा बदलल्या. हिरवी पहिला दिवस कोपऱ्यात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने चार दाणे टिपले, आणि बाईंनी ते वहीत लिहिले. पाचव्या दिवशी ती झोक्यावर होती.

त्याच आठवड्यात बाईंनी मला विचारलं, "तुम्ही इथे आल्या आल्या चहा इतका घाईने का पिता? घरी पीत नाही?"

मी सांगितलं. घरात मी थोरली, पण ओटा धाकट्या जावेचा. गॅस तिचा, खिडकी तिची, डबे तिच्या हिशोबाने लावलेले. साखरेचा डबा काढला तरी ती मागे येऊन उभी राहायची. भांडण नको म्हणून मी मागच्या बोळात स्टोव्ह मांडला होता. बारा वर्षं झाली. पावसाळ्यात तो पेटत नाही, मग चहा राहतो.

बाई म्हणाल्या, "म्हणजे रोवळीत," आणि पेपर उघडला.

नवव्या दिवशी निळी मोठ्या पिंजऱ्यात परत आली. जिथे झोका असायचा तिथे सरळ उडाली, झोका नव्हता, गजांवर आपटली आणि खालच्या दांडीवर येऊन बसली. मग उगाच इकडेतिकडे बघायला लागली. हिरवी जागची हलली नाही. दोन-चार चोची झाल्या. संध्याकाळी दोघी आपापल्या वाटीवर होत्या.

"झाली की मैत्री," मी म्हणाले.

"मैत्री नाही. जेवण झालं. तेवढं पुरतं."

"आणि परत मारायला लागली तर?"

"तर दोन पिंजरे. काही जणींना एका खोलीत ठेवायचंच नसतं. त्यात कोणाचा कमीपणा नाही." मग त्यांनी वहीत दोघींची नावं घातली: गायकवाड थोरली, गायकवाड धाकटी. गायकवाड माझं आडनाव. हिरवी थोरली होती. मी ते वाचलं आणि तव्याकडे पळाले.

गेल्या दिवाळीनंतर बाई झोपेतच गेल्या. मी सकाळी पोहोचले तेव्हा दार उघडं होतं आणि जिन्यात माणसं होती. मी पुन्हा जिन्यातच उभी राहिले, या वेळी कोणी बोलावलं नाही. त्यांचे सहा पक्षी भाचा घेऊन गेला; दोघी गायकवाड माझ्या घरी कधीच परतल्या होत्या. रद्दीत निघालेली हजेरीवही मी मागून घेतली. मागायला मला चार चकरा पडल्या. तिच्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे.

मागच्या पंधरवड्यात जाऊ आठ दिवस माहेरी गेली. पहिले दोन दिवस मी सवयीने बोळातच चहा केला, मोकळा ओटा समोर असताना. पाखराला कोपऱ्यातून निघायला एक दिवस लागला होता, मला दोन लागले. तिसऱ्या दिवशी मी सगळे डबे खाली काढले, फडताळ पुसलं आणि सगळं नव्याने लावलं. मिसळणाचा डबा दुसऱ्या भिंतीला, चहा-साखर खिडकीशी, पोळपाट माझ्या उजव्या हाताला. बोळातला स्टोव्ह आत आणून तिच्या गॅसपासून लांब मांडला. घरातल्या पुरुषांना काही बदललंय हेही कळलं नाही.

जाऊ आली, तेव्हा मी खिडकीशी पोळ्या करत होते. ती नेहमीच्या फळीकडे गेली, हात वर केला आणि तसाच ठेवला. दोन-तीन झाकणं उघडून बघितली. पाठीमागे तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी ओट्याला पोट टेकवून पुढची पोळी लाटत राहिले.

"ताई," ती म्हणाली, "चहाचा डबा कुठं हाय?"

बारा वर्षांत तिने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी मागे न वळता खिडकीकडे बोट दाखवलं. तेवढ्यात तव्यावरची पोळी करपली. ती मीच खाल्ली, ओट्याशी उभी राहून, गरम चहाबरोबर.