थवा कुठं वळवायचा

सोलापुरात राहून माझ्या अंगाला ऊन कमी पडलं, असा रक्ततपासणीचा अहवाल आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि मग मान खाली घालून हसले. चाळीस वर्षं एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कपाटांच्या मधे उभं राहिल्याचं हे फळ होतं. निवृत्तीला तेव्हा सहा महिने झाले होते आणि हिवाळा तोंडावर होता. सगळ्यांना चादरी पुरवणारं आमचं शहर स्वतः चादर जेमतेम दीड महिना अंगावर घेतं, त्या दीड महिन्याची ही गोष्ट. डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी तासभर उघड्यावर बसा. गोळ्यांचं नंतर बघू."

आधी मी तलावाकाठी जाऊन पाहिलं. तिथं एकाच रंगाचे शर्ट घातलेली वीसेक माणसं शिट्टी वाजली की हसत. त्यांना अध्यक्ष होता, सचिव होता, मागं बॅनर होता. हसायला कार्यकारिणी लागते हे मला ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी मला सहसचिवपद देऊ केलं, तेव्हा मी जाणं सोडलं.

त्यानंतर येळवस आली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला आमच्या दक्षिणेकडच्या भागात लोक घराला कुलूप लावून रानात जेवायला जातात. होटगीच्या अलीकडं माझ्या थोरल्या चुलत बहिणीचं तीन एकर रान आहे. तिला आम्ही अक्का म्हणतो. वय सत्तरीच्या पुढं. त्या दिवशी ज्वारीत उभारलेल्या कडब्याच्या खोपीपाशी भज्जी, उंडे आणि आंबील असं जेवण झालं, पण अक्कानं ते डाव्या हातानं केलं. उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. पंधरा दिवसांपूर्वी ती राखणीच्या माळ्यावरून, म्हणजे चार मेढींवर बांधलेल्या मचाणावरून, पडली होती आणि खांदा निखळला होता.

तिचा मुलगा शहरात नोकरीला असतो. तो जेवणानंतर हात पुसत म्हणाला, "अव्वा, यंदा पीक हातचं गेलं तर पुढच्या वर्षी रान वाट्यानं लावायचं आणि तू आमच्याकडं यायचं. कबूल?"

"कबूल," अक्का म्हणाली.

ती इतक्या पटकन कबूल झाली याचं मुलाला समाधान वाटलं. मला वाटलं नाही. मी तिला साठ वर्षं ओळखतो. शहरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावर ती एकदा आठ दिवस राहिली होती आणि परत आल्यावर एवढंच म्हणाली होती, "खिडकीतनं दुसऱ्याची खिडकी दिसतीय."

मुलगा गाडी काढायला गेला तशी ती माझ्याकडं वळली. "तम्मा, डॉक्टरनं तुला उन्हात बसायला सांगितलंय न्हवं?"

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. काम सांगायचं असलं की मी तम्मा असतो.

"हितं बस की. माळा हाय, ऊन हाय. बसल्या बसल्या पाखरं राख."

अशा रीतीनं, ज्यानं चाळीस वर्षं लोकांना गप्प बसवलं तो माणूस ओरडण्याच्या कामावर रुजू झाला.

ज्वारीच्या दाण्यात चीक भरला की तो कडक होईपर्यंतचे पाच-सहा आठवडे पाखरांचे. चिमण्या येतात, पोपट येतात, पण खरा घोर भोरड्यांचा. गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा हा पक्षी कुठल्या कुठल्या देशांवरून हिवाळ्यात इथं येतो आणि हजारांनी येतो. राखणीच्या वेळा दोन. उजाडल्यापासून दहापर्यंत आणि दुपारी चारपासून दिवस बुडेपर्यंत. मधल्या वेळेत पाखरंही सावलीला बसतात आणि राखणदारही. मी माकडटोपी घालून अंधारातच स्कूटर काढायचो. होटगी रस्त्यावर बोटं बधिर व्हायची. माळ्यावर चढून बसलं की समोर कणसांचं पांढुरकं पठार, त्यावर दव, आणि मग ओढ्यातल्या बाभळींच्या मागून सूर्य. हे मी चार दिवस वाङ्मयीन नजरेनं पाहिलं. पाचव्या दिवसापासून थंडी कधी उतरते एवढंच पाहू लागलो, आणि मला वाटतं तेव्हापासून मी ते खरं पाहिलं.

अक्काच्या मुलानं आधीच एक यंत्र पाठवून ठेवलं होतं. बॅटरीवर चालणारं, दर पाच मिनिटांनी ससाण्यासारखं किंचाळणारं. पहिल्या दिवशी भोरड्या बिचकल्या. तिसऱ्या दिवशी त्या यंत्रावर बसून अंग साफ करत होत्या.

खरं शिक्षण दिलं ते पलीकडच्या शेजाऱ्यानं. तो धनगर. दहा-बारा एकरांचा उसाचा फड ओलांडला की त्याचं रान, मग बांध, मग आमचं रान, आणि आमच्या पूर्वेला ओढा. साठीचा, सडपातळ, कमरेला लोकरीची गोफण. मी त्याच्याकडून गोफण शिकलो, म्हणजे आठवडाभर स्वतःच्या कानशिलावर ढेकळं मारून घेतली.

"दगूड घ्यायचा न्हाय सर," तो म्हणाला. "कनीस फुटतंय. ढेकूळ घ्यायचं. आनि पाखराला मारायचं न्हाय, उठवायचं. गोफणीचा आवाजच बास हाय."

मग त्यानं नियम सांगितला. तो कुठं लिहिलेला नाही, पण त्या शिवारात कुणी मोडत नाही. भोरड्या उसातून निघतात आणि ओढ्याकडं सरकत जातात. एका रानातून उठल्या की शेजारच्या रानात उतरायला बघतात. म्हणून थवा उठवायच्या आधी हाक द्यायची, "आल्या रं". पलीकडच्या माळ्यावरून "हो" आलं तर तिकडं वळवायचा. पलीकडचा मग आरडाओरडा करून त्यांना उतरू देत नाही आणि पुढं लावून देतो.

"आणि 'हो' आलं नाही तर?"

"तर तिकडं वळवायचा न्हाय. राखनदार नसंल त्या रानात पाखरू लावायचं न्हाय."

"मग कुठं वळवायचा?"

"ते तुमचं तुमी बघायचं की."

मी आयुष्यात पुष्कळ आचारसंहिता वाचल्या आहेत. काही छापून घेऊन भिंतीवरही लावल्या आहेत. इतकी छोटी एकही नव्हती.

आणि मी ती मोडली. एका सकाळी थवा आमच्याच रानाच्या पश्चिमेच्या अंगाला उतरला, बांधाला लागून. नीट करायचं तर माळ्यावरून उतरून, दवात भिजत, बांधाकडून वळसा घालून त्यांना पूर्वेला आमच्याच रानावरून ओढ्याकडं न्यायला हवं होतं. पण तसं करताना ऊन डोळ्यांत येतं आणि उतरणं-चढणं गुडघ्यांना जड जातं. मी माळ्यावरूनच "आल्या रं" म्हणालो. उत्तर आलं नाही. मी गोफण फिरवली. ती अशी काही फुटली की आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून कसला तरी आवाज झाला. अख्खा थवा एकदम उठला, कुणी चादर झटकावी तसा हवेत एकदा पालथा-उलथा झाला, आणि शेजाऱ्याच्या रानात उतरला. इतकं देखणं दृश्य होतं की मी टोपी काढून बघत राहिलो.

भाकरी घेऊन आलेल्या अक्काला मी हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. तिनं भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं.

"त्यानं हो म्हटलं हुतं?"

"नाही."

"जा. सांगून ये त्याला. मग खा."

शेजारी मेंढरांच्या वाड्यात एका व्यालेल्या मेंढीपाशी बसला होता. कोकरू पायांत अडकून आलं होतं, म्हणून तो माळ्यावर नव्हता. मी काय झालं ते सांगितलं. त्यानं वर न बघता विचारलं, "हाक मारली व्हती का?"

"मारली होती."

"मी हो म्हनलो व्हतो?"

"नाही."

"मग," तो म्हणाला आणि कोकराचं तोंड पुसू लागला.

पुढं आठ-दहा दिवस त्यानं थव्याची हाक तेवढी दिली. माझ्याशी बोलला नाही. अक्का म्हणाली, "आता आपलं रान एक दिवस बी मोकळं ठेवायचं न्हाय. त्यानं नुसतं गप बसून पाखरं इकडं लावली तर मी काय म्हणणार? सुरवात आपण केली."

पुढचे पंधरा दिवसच निर्णायक होते. दाणा चिकातून टणक व्हायला लागला होता. एवढे दिवस निभावले की पीक घरात, नाहीतर अक्का तिसऱ्या मजल्यावर.

त्यातच माझा सत्कार निघाला. शहरातल्या एका संस्थेनं निवृत्त ग्रंथपालांना गौरवायचं ठरवलं होतं. कार्यक्रम अकराला, एकला संपणार. सकाळची राखण मी केली. अक्काचा मुलगा तिला खांदा दाखवायला शहरात नेणार होता आणि संध्याकाळ होणार होती. "चारला येतोस न्हवं?" तिनं दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणालो.

प्रमुख पाहुणे अडीचला आले. दीपप्रज्वलनाला वात पेटेना, कारण पाहुण्यांसाठी भर थंडीत पंखा लावला होता, आणि तो बंद करा म्हणायला कुणी धजेना. पाहुण्यांनी पुस्तकांचं महत्त्व तासभर सांगितलं. त्यात एकाही पुस्तकाचं नाव आलं नाही. सव्वातीनला मी उठायला हवं होतं. कुणी अडवलं नसतं. असल्या थाटाची मी जन्मभर टवाळी केली आहे. पण त्या दिवशी यादीत माझं नाव होतं आणि ते शेवटचं होतं. मी बसून राहिलो. पावणेपाचला मला शाल, श्रीफळ आणि पाठीमागं अडकवायला कडी नसलेलं एक मानपत्र मिळालं.

रानात पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. शाल खांद्यावर तशीच होती. माळा रिकामा. लांबूनच थवा हवेत दिसला. दीड तास. दीड तासात भोरड्या काय करतात ते मी पाहिलं होतं.

पण आमच्या रानात त्या नव्हत्या. बांधावर शेजारी उभा होता, आमच्या ज्वारीकडं पाठ करून. थवा त्याच्या रानावर होता आणि तो बांधावरून ओरडत, गोफण फोडत, त्यांना पश्चिमेला उसाकडं रेटत होता. म्हणजे जिकडून त्या येतात तिकडंच. त्या उसात शिरत, पुन्हा निघत, पुन्हा त्याच्याच कडेच्या पट्ट्यावर उतरत. तो पुन्हा रेटत होता. आवाज पार बसला होता. पश्चिमेकडच्या त्याच्या ओळी मी नंतर पाहिल्या. कणसं उभी होती आणि आत दाणे नव्हते. आमच्याकडं एक पान हललेलं नव्हतं.

दिवस बुडाला, थवा उसात गेला आणि तो बांधावरच बसला. मी जवळ गेलो. मला माहीत असलेले सगळे शब्द त्या वेळी अडगळीसारखे वाटले.

"इकडं का नाही वळवलात?" मी विचारलं. "दोन मिनिटांचं काम होतं. ओढाही इकडंच."

तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हाक मारली व्हती सर. दोनदा मारली. कुनी हो म्हनलं न्हाय."

त्यात टोमणा आहे का ते मी शोधून पाहिलं. नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो असं सांगावं तसं तो ते सांगत होता. त्यानं ते माझ्यासाठी केलं नव्हतं, अक्कासाठीही नव्हतं. माझ्या चुकीमुळं नियमाला सूट मिळते, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. दुपारभर व्यासपीठावर थोर या शब्दाचा मारा ऐकून आलो होतो. तो शब्द मी तेव्हा मनात एकदा त्याच्या बाजूला ठेवून पाहिला. बसला.

मी खांद्यावरची शाल काढून त्याला दिली. त्यानं ती अंगठ्यात आणि बोटात चोळून बघितली. मेंढरांचा माणूस, त्याला लोकर कळते.

"ह्याच्यात ऊब न्हाय," तो म्हणाला. "चकाकतंय मातर."

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती शाल त्याच्या पश्चिमेकडच्या बुजगावण्याच्या खांद्यावर होती. जरीचा काठ उन्हात लांबून चमकत होता आणि भोरड्या त्या कोपऱ्याकडं दोन दिवस फिरकल्या नाहीत. माझ्या सत्काराचा याहून अधिक उपयोग झालेला मला ठाऊक नाही. पलीकडून हाक आली, "आल्या रं, सर." मी माळ्यावर उभा राहून "हो" म्हणालो, इतक्या मोठ्यानं की ओढ्यातले बगळे उडाले.

फेब्रुवारी सरता सरता ज्वारी काढली. अक्कानं शेजाऱ्याला बोलावून सांगितलं की त्याच्या गेलेल्या पट्ट्याएवढी कणसं आमच्या ढिगातली उचलून ने. तो म्हणाला, "कनसं नको. कडबा द्या. मेंढरं कनीस मागत न्हाईत." मग कडबा किती यावर दोघांचं तासभर भांडण झालं, ती जास्त देत होती आणि तो कमी नेत होता. दोघांनाही त्यात फार मजा येत होती.

मळणीच्या दिवशी अक्काचा मुलगा आला. ढिगाभोवती एक फेरी मारली, मूठभर दाणे हातात घेतले, पुन्हा सोडले.

"बरं आलंय," तो म्हणाला.

"बरं आलंय," अक्का म्हणाली. शहराचा विषय त्यानं काढला नाही. तिनंही काढला नाही. उजव्या हातानं, खांद्याच्या वर न नेता, ती सुपातलं पाखडत होती.

माझ्या रक्तातलं ऊन वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्या नकोत, पण पुढच्या हिवाळ्यातही असंच चालू ठेवा. मी ते अक्काला सांगितलं.

"ये की," ती म्हणाली. सूप थांबलं नाही. "पर तम्मा, पुढच्या साली परत सत्कार निघाला तर आधी बांधावर येऊन हाक मार. पल्याडनं हो आलं तरच जा."