नळावरची इंग्रजी

आमच्या ताईचं मॅट्रिक इंग्रजीपायी अडलं होतं. बाकी सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत दोनदा आपटली. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सांगून टाकलं होतं, "यंदा सुटलीस तर मिरजेला नर्सिंगला घालतो. नाहीतर कळवणचं स्थळ आहेच." कळवणचा तो मुलगा ताईला बिलकूल पसंत नव्हता. तिला नर्स व्हायचं होतं, बस्स.

मी तिच्याहून बरीच लहान, पण नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत माझ्याइतकी आगाऊ पोरगी दुसरी नव्हती. तिचा अभ्यास मीच घेणार असं मी परस्पर ठरवलं. गाडं अडायचं ते एकाच अर्थाच्या शब्दांवर. से, टेल, स्पीक, टॉक, सगळ्यांचं मराठी आपलं बोलणं नाहीतर सांगणं. गाईडात फरक दिलेला असायचा, तो वाचून डोकं आणखीच उठायचं.

उपाय सुचला नळावर. दुपारी पाणी यायचं, हंड्यांची रांग लागायची आणि रांगेत अख्खी कॉलनी. मी ताईला म्हटलं, "ती कोपऱ्यावरची मावशी बघ. विषय असो नसो, आपली चालूच. ती टॉक." ह्या घरचं त्या घरी पोचवणारी शेजारीण टेल. रविवारी बुद्धविहारात उभं राहून, घसा खाकरून भाषण करणारे काका स्पीक. आणि आमचे दादा से, कारण एक वाक्य टाकून ते गप्प बसत. ताई इतकी हसली की भरलेला हंडा कलंडला. मग काय, रोज तोच उद्योग. आमच्याकडे कोण आलं, कोण गेलं, यावर खिडकीतून नजर ठेवणारी समोरची वहिनी वॉच. मोतीबिंदू झालेली तिची सासू सगळ्यांकडे लुक करायची, पण बिचारीला सी काही व्हायचं नाही.

परीक्षेत नेमके हेच शब्द आले, वाक्यात उपयोग करा म्हणून. ताई बाहेर आली ती पांढरीफटक पडून. "अगं, मी आपली कॉलनीच लिहून आले. काका, वहिनी, तिची सासू, सगळे. तपासणारा काय म्हणेल?" घरी येईपर्यंत ती रडत होती आणि मी तिला धीर देत होते. मनातून माझीच पंचाईत झाली होती. नापास झाली तर कळवणला जाणार, पास झाली तर मिरजेला. कुठूनही बघा, नळावर मी एकटीच.

पास झाली. काठावर, पण झाली. आईने पेढे वाटले. मी अंगणात नाचले आणि मोरीत जाऊन रडले, आणि दोन्ही मनापासून केलं. ताई मिरजेला गेली. मावशी तसंच बोलत होती, वहिनी तशीच बघत होती, पण हसायचं कुणाकडे बघून? मला ती रांगच नकोशी झाली.

उन्हाळ्यात ती सुट्टीला आली. केस वेगळे बांधलेले, अंगाला दवाखान्याचा वास. दुपारी चटईवर शेजारी पडलो तेव्हा म्हणाली, "क्राय आणि वीपमधला फरक सांगू? क्राय म्हणजे आमच्या वॉर्डातली पहिल्या खाटेवरची पोरगी. सुई दिसली की भोकाड. आणि वीप म्हणजे कोपऱ्यातली म्हातारी. आवाज नाही, नुसता पदर ओला."

मी त्यांतल्या कुणालाच पाहिलं नव्हतं. "हे कुणाला सुचलं?" मी विचारलं.

"माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला. भारी आहे गं ती," ताई म्हणाली, आणि कसलीतरी आठवण येऊन एकटीच हसत सुटली.

मीही हसले. वर्षभर मला तिची आठवण यायची, पण त्या दुपारी, ती हाताच्या अंतरावर पडलेली असताना, आली तशी कधीच आली नव्हती.