अध्यक्षांच्या नावाच्या चांदण्या

विषय : संस्थेच्या वेबसाइटवर अक्षर जाड करण्याची सोपी पद्धत निवडणे.
संदर्भ : माझा धुळ्याला बदली मिळण्याबाबतचा अर्ज.

या दोहोंचा संबंध काय, असं विचाराल. चहा घ्या, सांगतो. अब्रू जाणार ती माझीच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी जळगावला एका शिक्षण संस्थेत हेडक्लार्क, बायको संस्थेच्याच धुळ्याच्या शाळेत शिक्षिका. आमचे अध्यक्ष नाना मूळ धुळ्याकडचे. म्हणाले, "आधी वेबसाइट उभी करा, मग बदलीच्या अर्जावर सही."

वेबसाइट बनवत होते रफीकभाई. त्यांनी समजावलं, "भाऊ, मजकूर तुमचेच लोक भरणार. शब्द जाड करायचा तर माउसने निवडून बटण दाबा. नाहीतर शब्दाच्या आधी एक चांदणी, म्हणजे ती ताऱ्याची खूण, टाइप करा, नंतर एक. पहिलीने जाड सुरू, दुसरीने बंद. माझं ऐका, बटण घ्या."

मी चांदणी घेतली. बटण दाबल्याचा कागदावर पुरावा काय राहतो? लगेच परिपत्रकही काढलं.

आता आमच्या कचेरीची रीत अशी, की खालच्याने केलेली खूण वरच्याने पुन्हा करायची. त्याशिवाय त्याने मसुदा वाचला हे सिद्ध होत नाही. टायपिस्ट सुमनअक्कांनी सगळ्या नावांना चांदण्या घालून मसुदा आणला. बाकीची नावं मी सोडून दिली. नानांच्या नावाला मात्र लाल शाईने दोन्हीकडून आणखी एकेक चांदणी काढली.

"दोन-दोन टाइप करू?" अक्का.

"अध्यक्ष आहेत ते."

"मग खाली तेवढी सही करा, भाऊ."

केली.

उद्घाटनाला सभागृह भरलेलं. पडद्यावर पान उघडलं. उपाध्यक्ष जाड, ग्रंथपाल जाड, घंटा देणारा शिपाईसुद्धा जाड. नानांनी चष्मा पुसला, सगळी नावं पाहिली आणि घरच्या अहिराणीवर आले.

"बठ्ठा जाड शेतस. मीच बारीक का बरं?"

रफीकभाई सरळ माणूस. "एका चांदणीने सुरू झालं नाना, लगेच दुसरीने बंद. नाव आलं तेव्हा बंदच होतं."

"दुसरी कोनी घाली?"

अक्कांनी मसुदा पुढे केला. सही वाचता येण्याजोगी होती.

पुढच्या वर्षी बायकोनेच जळगावला बदली मागितली. पंधरा दिवसांत मिळाली. अर्ज तिने स्वतः लिहिला होता आणि मला तपासू दिला नव्हता.

मी जळगावहूनच निवृत्त झालो. माझा अर्ज अद्याप विचाराधीन आहे.