सुकट आणि गाडीचा मागचा दिवा

ठाण्याहून पहाटे निघालो, खेडला पोचेस्तोवर पोटात कावळे ओरडत होते. मिसळ खाल्ली आणि बाजारात आत्यासाठी सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) घेतली. वास सीटमध्ये मुरला की महिनाभर जात नाही, म्हणून मी मोठ्या शहाणपणानं पिशवी बॉनेटखाली, बॅटरीच्या कोपऱ्यात दडपली. अलोऱ्याजवळ आत्या एकटीच राहते. तिथं आंबोळ्या चापल्या आणि गप्पांत पिशवी साफ विसरलो.

सकाळी पिशवीच्या चिंध्या सापडल्या.

"उंदरांची दिवाळी झाली," आत्या म्हणाली आणि दुपारपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही.

तिच्या घराची वाट दोन गडग्यांमधून (रचलेल्या दगडी कुंपणांमधून) जाते. अंगणात गाडी वळत नाही, म्हणून रस्त्यापासून उलटीच आत घ्यायची. आत्या मागे उभी राहून रस्ता दाखवते. त्या संध्याकाळी चिपळूणहून परतलो, रिव्हर्स टाकला, तर मागचा दिवा लागेना. हातातली बॅटरी हलवत आत्या ओरडत होती, "ये... ये... येव दे... अरे थांब!" ब्रेक दाबून उतरलो. ती गाडीपासून वीतभर अंतरावर होती.

दुसऱ्या दिवशी चिपळुणात गॅरेजांना सुट्टी, म्हणून लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. कंपन्यांच्या बसगाड्या दुरुस्त करणारे एक वायरमन भेटले. त्यांनी बल्ब तपासला, तो शाबूत होता. मग गिअरबॉक्सवरच्या स्विचची पिन काढली, स्विच वगळून तिथं तारेचा तुकडा जोडून पाहिला. दिवा लागला नाही.

"दोष स्विचचा नाय. वायर तुटलीय," असं म्हणत ते वायर चाचपत बॅटरीच्या कोपऱ्यात पोचले आणि नाक वर केलं. "सुकट ठेवलीवती काय हो?"

मी मान डोलावली.

"मुंबईकर दरसाल ठेवतात. उंदीर सुकट खातात नि तोंडी लावायला वायर."

मधला नवा तुकडा डाग देऊन (सोल्डर करून) जोडला, वर टेप गुंडाळली. दिवा लख्ख लागला. मला केवढं हायसं वाटलं!

अंधार पडता पडता गाडी वाटेत उलटी घातली. "तू पडवीत बस," असं फोनवर बजावलं होतं, तरी आत्या आलीच. पण आज तिच्यावर पांढरा उजेड पडला होता. आरशात बघितलं. ती गाडीकडे बघतच नव्हती. एका हातानं गडगा चाचपत, मान तिरकी करून इंजिनचा आवाज ऐकत ती मागे सरकत होती. गाडी थांबवून मी उतरलो.

"आत्या, दिसतं का तुला?"

"संध्याकाळचं नाय दिसत रे. मोतीबिंदू हाय."

"मग ती बॅटरी कशाला?"

"ती तुझ्यासाठी."

"आणि सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू गाडी घेऊन आला असतास?"

परतताना आत्या माझ्या शेजारच्या सीटवर होती. ठाण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. दिवा दुरुस्त झाला नसता, तर मी खुशाल तिच्या आवाजाच्या भरवशावर गाडी मागे घेत राहिलो असतो.