जागेवरची चिठ्ठी

आमच्या दफ्तरात कागद कमी आणि मारामाऱ्या जास्त. कल्याणातल्या एका सरकारी अभिलेख कक्षात मी नोकरी केली, कुठल्या ते सांगत नाही. लोकांना वाटतं तिथे शांतता असते. कसली शांतता? कुठलाही गठ्ठा सोडा, बांधावरून कुणी कुणाचं डोकं फोडलेलं असतं, विहिरीच्या पाण्यावरून सख्ख्या भावाचा हात तोडलेला असतो आणि त्याचा पंचनामा सुरेख अक्षरात लिहून ठेवलेला असतो. या धंद्यातली आम्ही माणसं प्रशिक्षणासाठी ठाण्याला जमलो की जेवताना वाळवी आणि खून या दोनच विषयांवर बोलतो. बाहेरच्या माणसाला आमच्या पंगतीला बसवू नये.

कागदांचे गठ्ठे आम्ही लाल कापडात बांधतो, त्याला रुमाल म्हणतात. मांडणीवरून रुमाल काढला की त्याच्या जागी पुठ्ठ्याची चिठ्ठी उभी करायची. रुमालाचा नंबर, आत काय आहे, कुठे नेला, कुणी नेला, तारीख, सही. हे मला आमच्या अभिलेखपालांनी शिकवलं. मी त्यांना काका म्हणायचे. शहाडला राहायचे, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, आणि अंगठे उठवणाऱ्यांची त्यांना भारी कीव यायची. पहिल्याच आठवड्यात मी चिठ्ठी न ठेवता रुमाल उचलला, तर त्यांनी माझ्या बोटांवर फूटपट्टी मारली. मी एकतीस वर्षांची, एका मुलीची आई. मी पट्टी हिसकावून घेतली आणि टेबलावर आपटून तिचे दोन तुकडे केले. दुसऱ्या दिवशी ते कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन आले आणि माझ्या खणात ठेवून गेले.

त्यानंतर माझ्या हाताला अशी सवय लागली की कळव्याला घरी जावेनं साडी नेली तरी मी कपाटात चिठ्ठी ठेवायचे. नवरा हसायचा.

एका वर्षी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी नक्कल मागायला आली. तिच्या सासऱ्याच्या नावावर खाडीलगतची जमीन होती, आणि तसं सांगणारा फेरफाराचा एकच मूळ कागद आमच्याकडे उरला होता. नव्या नोंदीत तिथे भलत्याचंच नाव चढलं होतं. आमच्याकडे स्कॅनिंग चालू होतं, पण ते त्या मांडणीपर्यंत पोचलं नव्हतं. "पोरी, मना तवरा कागूद दे," एवढंच ती म्हणायची आणि दारात बसून राहायची. सोमवारी साहेबांची सही झाली की नक्कल मिळणार होती.

गुरुवारी पांढऱ्या शर्टातला एक माणूस येऊन तोच रुमाल पाहायला मागू लागला. काकांनी आधी अर्ज करा म्हणून सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, बघून घेऊ. तो गेल्यावर काकांनी मला तो रुमाल मांडणीवरून काढून धुरीच्या पेटीत लपवायला सांगितलं. किडलेल्या कागदांना औषधाची धुरी द्यायची ती लाकडी पेटी. तिच्या वासानं डोळे चुरचुरतात, त्यामुळे तिच्याजवळ कुणी फिरकत नाही. मी रुमाल नेऊन ठेवला, वर कोरे फॉर्म रचले, झाकण लावलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत चौघं आले. साहेब आणि बाकीचे बाहेर गेले होते. एकानं आतून कडी लावली आणि काकांच्या डब्याला लाथ मारली. भाजी भिंतीवर उडाली. मग त्यांनी काकांना कॉलर धरून उठवलं. रुमाल कुठाय, विचारलं. काका म्हणाले, तो वाळवीनं खाल्ला, कधीच गेला. लोखंडी सळई त्यांच्या गुडघ्यावर बसली. पुन्हा विचारलं. पुन्हा वाळवी.

आमच्याकडे बांधणीचा शिकंजा आहे, दोन फळ्या आणि मधोमध फिरवायचा स्क्रू. त्यांनी काकांचा उजवा हात त्या फळ्यांत घातला आणि दांडा फिरवला. हाडाचा आवाज मी ऐकला. काका ओरडले, पण त्या ओरडण्यातही शब्द वाळवी हाच होता. माझ्या हातात दाभण होता, रुमालाचं कापड शिवत होते. दांडा फिरवणाऱ्याच्या हातात मी तो आरपार घुसवला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. अजून खोल जावा असंच वाटत होतं. मग दुसऱ्यानं माझ्या तोंडावर ठोसा मारला. माझे दोन दात तिथेच पडले.

मी खाली पडले होते तेव्हा चौघांतला एक जण मांडण्यांमधून नंबर बघत फिरत होता. तो एका जागी थांबला.

"भाई, इकडे चिठ्ठी आहे," तो म्हणाला, आणि वाचू लागला. रुमालाचा नंबर. फेरफाराचे मूळ कागद. कुठे नेला: धुरीची पेटी. कुणी नेला: माझं नाव. खाली माझी सही, तारीख कालची.

लपवायला नेलेल्या रुमालाची मी नोंद करून ठेवली होती. ती चिठ्ठी कधी लिहिली हे मला आठवतही नव्हतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे दातांचं दुखणं काहीच नव्हतं. चौघांनी पेटी फोडली, रुमाल उचलला, चिठ्ठी जमिनीवर फेकली आणि तिच्यावर पाय देऊन निघून गेले.

काकांची तीन बोटं कायमची गेली. साहेब मला बाजूला घेऊन समजुतीनं बोलले. चिठ्ठीवर सही माझी, म्हणजे शेवटचा ताबा माझा. रुमाल गेल्याचा ठपका माझ्यावर येणार. चिठ्ठी फाडली तर रुमाल आधीपासूनच नव्हता, वाळवीनं खाल्ला, असं लिहून विषय मिटवता येईल. काकाही तेच सांगत होते की, साहेब म्हणाले. मला ती चिठ्ठी फाडायचीच होती. चावून गिळावीशी वाटत होती. काकांनी हात मोडून घेतला तो तिनंच फुकट घालवला होता, आणि ती लिहिणारा हात माझा. मी ती उचलली. तिच्यावर बुटाचा ठसा होता.

तेवढ्यात सोमवार उजाडला आणि म्हातारी नकलेसाठी आली. मी सुजल्या तोंडानं तिला आत नेलं, रिकामी जागा दाखवली, आणि कागद गेला हे सांगून टाकलं. ती रडली नाही. माझ्या हातातल्या पुठ्ठ्यावर काय लिहिलंय, तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं.

"म्हंजे व्हता," ती म्हणाली.

मी तिला हो म्हटलं. मग मी चिठ्ठी रिकाम्या जागेवर परत उभी केली आणि साहेबांना सांगितलं की ती आता तिथून हलणार नाही.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. काकांनी आधी माझ्या दातांची चौकशी केली. चिठ्ठी मीच ठेवली होती, मी म्हटलं. त्यांना ते ठाऊकच होतं.

"लपवायला सांगितलं होतं बाई, नोंदवायला नव्हे," ते म्हणाले. ते खूप चिडले होते, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांनी पलीकडे तोंड फिरवलं. मग त्यांनी विचारलं, चिठ्ठी फाडली का. मी नाही म्हटल्यावर त्यांनी मला कागद काढायला लावला.

त्यांनी जबाब सांगितला, मी लिहून घेतला. रुमाल गुरुवारपर्यंत जागेवर होता, त्यात म्हातारीच्या सासऱ्याचा फेरफार होता आणि तो त्यांनी स्वतः वाचला होता. तो लपवायचा हुकूम त्यांचा होता. वाळवीची गोष्ट खोटी होती. चिठ्ठीवरची सही खरी आहे. या जबाबानं ठपका आम्हा दोघांवर आला. पुढे मी निलंबित झाले, त्यांचं निवृत्तिवेतन अडकलं, आणि म्हातारीची केस अजून उभी आहे ती त्या चिठ्ठीवर आणि या जबाबावर.

सही करायला मी पेन पुढे केलं. त्यांनी बँडेज बांधलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि डावा हात पुढे केला. नर्सकडून शाईचं पॅड मागून आणलं. त्यांनी अंगठा उठवला, आणि त्याच्या शेजारी मी आमच्या रजिस्टरांतून हजारदा वाचलेले शब्द लिहिले: निशाणी डाव्या हाताचा अंगठा.