धाऊच्या दगडाखाली

धाऊ हिलम काखेत फरशीएवढा दगड घेऊन शाळेच्या मीटिंगला आला. हा खोपोलीजवळच्या वाडीतला कातकरी, आठ महिने वीटभट्टीवर राबतो. शेतातले उंदीर धरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. आम्ही शिक्षक पालकांसाठी विज्ञान-संध्या आखत होतो. प्रत्येक घरानं एक यंत्र मांडायचं होतं. यादीत वाडीच्या नावापुढे मात्र मोकल सरांनी ‘सतरंज्या अंथरणे’ असं खुशाल लिहिलं होतं. वाडीतली पोरं दिसली की या माणसाचा हात शिवशिवतो.

धाऊनं टेबलावर तीन काटक्यांवर दगड तोलला आणि सरांची छडी खाली सरकवली. काटकी हलली, दगड दाणकन आदळला. छडीचं टोक पार चेचलं.

“ह्यो आमचा उंदराचा सापळा,” म्हणत त्यानं दगड पुन्हा तोलला आणि सरांचं मनगट धरून त्याखाली ओढलं. “काल ह्याच हातानं माज्या पोरीची बोटं फोडलीत ना?”

“धाऊदादा, सोडा!” मी किंचाळले.

मनगट न सोडता तो माझ्याकडे वळला.

“काल तुमी वर्गातच व्हता ना, बाई? तवा नाय वरडलात.”